बगळा जिथे उभा राहत नाही

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही, हे चौथीच्या भूगोलात छापलेलं आहे. पण दानियलने चौथीचा भूगोल कधी मनावर घेतला नाही. त्याने आपल्या मोबाइलवरून जिल्ह्याला तीन बीच देऊन टाकले. एक 'शंख बीच', एक 'सनसेट बीच' आणि तिसरा, ज्याच्यामुळे पुढचं सगळं झालं तो, 'सायलेंट बीच'. तिन्ही एकाच बेटावर. बेट उकाई धरणाच्या फुगवट्यात, नवापूर तालुक्याच्या पार कडेला, जिथे उभं राहिलं की मोबाइल आधी महाराष्ट्रात स्वागत करतो आणि जरा वळलं की गुजरातमध्ये. बेट तरी कसलं, जुन्या काळची गुरं चारायची टेकडी. धरण झालं, पाणी चढत चढत तिच्या कमरेपर्यंत आलं आणि टेकडीचं बेट झालं. तिच्या पायथ्याचा जुना पाडा पाण्यात गेला, माणसं अलीकडच्या चढावर नव्या पाड्यात आली.

किनारे शोधले मात्र दानियलच्या काकाने, इमॅन्युएलने. अर्थात 'शोधले' हा शब्द त्याला स्वतःला चमत्कारिक वाटायचा.

"शोधायला ते हरवले कधी होते?" तो म्हणायचा. आणि एवढं बोलला की त्याचं दिवसभराचं बोलणं संपायचं.

इमॅन्युएल अठ्ठावन्न वर्षांचा. उंच, वाळका, डोक्यावर कुठल्याशा बियाण्याच्या जाहिरातीची टोपी. तरुणपणी तो दोन वर्षं विसरवाडीला हायवेवर पंक्चरच्या दुकानात होता. रात्रंदिवस ट्रकवाल्यांच्या शिव्या ऐकून त्याने ठरवलं, की मासे बरे, निदान गप्प असतात. तेव्हापासून तो, पत्र्याची होडी आणि जाळं. त्याची बायको प्रिस्किला चर्चमधल्या बायकांना सांगायची, "आमचे हे प्रार्थनेतसुद्धा 'आमेन' म्हणायच्या आधी विचार करतात."

इमॅन्युएल हे नावही नंतरचं. घर चर्चला जाऊ लागलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याआधी तो खात्या. आता त्याला खात्या म्हणणारा एकच माणूस उरला होता, गोवाल. त्याची गोष्ट पुढे येते.

मार्चच्या सुरुवातीला काका-पुतणे जाळं घेऊन बेटाच्या उत्तरेला गेले होते. वारा सुटला म्हणून इमॅन्युएलने होडी एका वळणात घातली. तिथे जुन्या नाल्याचं तोंड होतं. नाल्याने वर्षानुवर्षं वाळू आणून टाकलेली, आणि पाणी उतरायला लागल्यामुळे ती नुकतीच उघडी पडलेली. पांढरी, बारीक, पायाखाली करकर वाजणारी. दोन्ही बाजूंना टेकडीचे हात पुढे आलेले, त्यामुळे वारा नाही, आवाज नाही. उथळ पाण्यात बगळे रांगेने उभे.

दानियलने आधी शिट्टी वाजवली, मग मोबाइल काढला.

"काका, इथे कोणीच कसं येत नाही?"

"कोणाला यायचंय?"

"सगळ्यांना!" दानियल म्हणाला, आणि पाच मिनिटांत त्याने पाणी, वाळू, बगळे आणि काकाची पाठ एका गाण्यावर बसवून लोणखेड्याच्या कॉलेजातल्या सगळ्या मित्रांना पाठवूनही दिलं. रेंज त्या दिवशी गुजरातची होती. गुजरातची रेंज चांगली असते, हेच दुर्दैव.

इमॅन्युएल तोवर वाळूवर चालत होता. नाल्याचं तोंड इथे, टेकडीचं पुढे आलेलं नाकाड तिथे, म्हणजे मधला हा सगळा तुकडा... तो थांबला. मागे वळून त्याने पाण्याकडे पाहिलं.

"हे गोवालचं शेत आहे," तो म्हणाला.

"असू दे की. तो कुठे येतोय टरबूज लावायला?"

"इथे त्याची विहीर आहे."

"कुठे?"

इमॅन्युएलने हात पुढे केला. हाताने वाळूवरून, पाण्यावरून, बगळ्यांवरून एक मोठा अर्धगोल काढला आणि तो खाली आला.

"इथेच कुठेतरी," तो म्हणाला.

---

जुन्या पाड्याची एक रीत आहे. धरणाचं पाणी होळीनंतर उतरतं, तशी बुडालेली शेतं एकेक करून डोकं वर काढतात. नव्या पाड्यातली माणसं होड्या घेऊन जातात आणि ओल्या गाळात टरबूज, काकडी, डांगर पेरतात. पन्नास वर्षं पाण्याखाली असलं तरी कुणाचा बांध कुठे, हे प्रत्येकाला पाठ. आणि पेरायच्या आधी प्रत्येक घर आपापल्या विहिरीच्या काठावर एक काठी रोवतं. काठीला कापड बांधायचं ते घरातल्या जिवंत माणसाच्या अंगावरचं, जुनं. लुगड्याचा पदर, बंडीची बाही, काहीही. म्हणजे दुरून येणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. एक, इथे विहीर आहे, पाय जपून टाक. दुसरी, या घरात माणूस आहे.

दुसऱ्याच्या विहिरीवर काठी कोणी लावत नाही. लावतात ती एकदाच. घर संपलं, काठी लावायला त्या घरात कोणीच उरलं नाही, की शेजारी जाऊन एक काठी रोवतात. बिनकापडाची. बोडकी. तिचा अर्थ सगळ्यांना कळतो.

म्हणून दानियल जेव्हा म्हणाला, "मग काका, एक बोर्ड लावून टाकू, 'सावधान, विहीर'," तेव्हा इमॅन्युएलने विचारलं, "बोर्ड कशावर ठोकशील?"

"काठीवर," दानियल म्हणाला, आणि मग त्याच्याच लक्षात आलं.

"तुमचा रुमाल बांधा की तिला," प्रिस्किला चुलीजवळून म्हणाली.

"मग गोवाल संपला आणि शेत माझं झालं, असं होईल."

"अहो, गोवालदादा जिवंत आहेत, मुलगा आहे, नातवंडं आहेत. तिकडे गुजरातेत व्यार्‍याला पक्कं घर आहे. एका बांबूने काय होतंय? आणि आपण चर्चला जाणारी माणसं."

 बाप्तिस्म्याच्या पाण्याने इमॅन्युएलचं नाव बदललं होतं. विहिरीच्या पाण्याने काही बदलल्याचं त्याला आठवत नव्हतं. आठवत होता तो त्याचा बाप, सुरुपसिंग.

इमॅन्युएल अकरा-बारा वर्षांचा असताना शेजारचा दलसिंग सगळं घर घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेला होता. होळी होऊन गेली, पाणी उतरलं, तरी ते परतले नाहीत. दलसिंगच्या विहिरीजवळ सगळ्यांच्या शेळ्या चरायच्या. सुरुपसिंग सरळ माणूस. त्याने विचार केला, येईपर्यंत खूण असू दे. आणि एक बांबू रोवून टाकला. कापड कुठलं बांधणार? दलसिंगच्या घराला कुलूप.

आठ दिवसांनी दलसिंग आला. त्याने काठी पाहिली. भांडला नाही. विहिरीच्या काठावर बसून त्याने बांबूवर हात फिरवला, एवढंच. पाऊस लागला तेव्हा त्या घरात ताप शिरला. आधी धाकटा मुलगा गेला, मग थोरला. दिवाळीला दलसिंग स्वतः. तो ताप कसला होता, हे नवापूरच्या डॉक्टरने कागदावर लिहून दिलं होतं. पण पाड्यावर कागद वाचणारी माणसं कमी आणि बांबू पाहिलेली जास्त. त्यानंतर सुरुपसिंगने मरेपर्यंत काठीला हात लावला नाही. स्वतःच्या घरचीसुद्धा. ती तेव्हापासून इमॅन्युएल रोवत आला.

तेव्हा एका बांबूने काय होतं, हे प्रिस्किलाने विचारावं आणि इमॅन्युएलने गप्प बसावं, हे ठीकच होतं.

---

दानियलचा मित्र ललित पाटील लोणखेड्याचा. घरची केळी, घरचा ऊस आणि कॉलेज संपल्यापासून ठिबकच्या नळ्यांचं दुकान. व्हिडिओ पाहून त्याने कळवलं, की रविवारी दोन गाड्या घेऊन येतो, बायको-मुलगीपण आहे, काकांना सांग आम्हाला बीच दाखवायचा.

"नाही म्हण," इमॅन्युएल म्हणाला.

"हो म्हणून झालं."

शनिवारी पहाट फुटता फुटता इमॅन्युएल एकटा होडी घेऊन गेला. सोबत बारा हातांचा बांबू. पाण्यात शिरून तो पावलापावलावर बांबू टोचत चालला. सगळीकडे टणक. नाल्याने शेतावर वाळूचा असा काही थर अंथरला होता, की विहिरीच्या काठाचे दगड कुठे, बांध कुठे, काही पत्ता लागेना. ऊन चढलं. पाय गारठले. शेवटी तो वाळूवर येऊन बसला, आणि पांगलेले बगळे एकेक करून परत पाण्यात उतरले.

तेव्हा त्याला ते दिसलं.

बगळे गुडघाभर पाण्यात हातभर अंतराने उभे होते. नाल्यापासून नाकाडापर्यंत, अगदी चर्चच्या बाकांवर बसावं तसे. फक्त एका जागी रांग तुटलेली. तीन-चार हातांची रिकामी जागा. एक बगळा चालत चालत तिथपर्यंत गेला, पाय पुढे टाकला, झटकन मागे घेतला आणि वळसा घालून पलीकडे जाऊन उभा राहिला.

इमॅन्युएल उठला. बगळे उडाले. त्याने ती जागा डोळ्यांत धरून ठेवली आणि सरळ रेषेत चालत गेला. बांबू टेकवला. वर वाळूची नुसती साय होती. ती फुटली आणि बांबू खाली गेला. हाताने दाबावा लागला नाही. कोणी खालून ओढावा तसा सावकाश गेला. दहा हात गेल्यावर इमॅन्युएलने तो घट्ट धरला. ओढून काढताना खालून एक मोठा बुडबुडा आला, आणि त्याच्याबरोबर कुजक्या पानांचा वास. विहीर रिकामी नव्हती. पन्नास वर्षांचा गाळ तिच्यात मऊ होऊन बसला होता. पाण्यात पोहता तरी येतं.

त्याने पायाने चाचपून काठाचा एक दगड शोधला. त्यावर उभा राहिला आणि हिशोब मांडला. पाणी दर आठवड्याला चार-पाच बोटं उतरतं. ईस्टरपर्यंत विहिरीचं तोंड आपोआप उघडं पडेल, मग आंधळ्यालाही दिसेल. तोवर चार-पाच रविवार. काठी लावायची नाही, हे पक्कं. पण रविवारी त्या दगडावर एखादा माणूस उभा राहिला, तर त्याला कोणी काठी म्हणणार नाही.

---

आणि खरंच तो उभा राहिला.

ललितची मंडळी आली, फाफडा-जिलेबी आली, स्पीकर आला. सायलेंट बीचवर एवढा आवाज पहिल्यांदाच होत असेल. दानियल होडी वल्हवत होता आणि इमॅन्युएल गुडघ्याच्या वर पाण्यात, हातात बांबू आडवा धरून, टोपी डोळ्यांवर ओढून उभा. कोणी जवळ आलं की फक्त म्हणायचा, "तिकडे."

"काका, तुम्ही मासा धरी ऱ्हायनात का फोटो काढाले उभा शेतस?" ललितने विचारलं.

"तिकडे," इमॅन्युएल म्हणाला.

"आठे बठा ना वाळूवर. उभं ऱ्हाईसन पाय दुखतीन!"

"तिकडे."

ललितची बायको दिपाली हसून म्हणाली, "अहो, त्यांना एकच शब्द येतो. तुमच्यापेक्षा बरंय."

ललितची पाच वर्षांची मुलगी मात्र त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. जाताना तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या खाली काय आहे?"  तेवढ्यात इमॅन्युएलच्या मागे पाण्यावर एक बुडबुडा फुटला.

दुसऱ्या रविवारी चार गाड्या आल्या. तिसऱ्या रविवारी विसरवाडी फाट्यावर लोक विचारू लागले, की तो बीच कुठला, ज्याच्या प्रत्येक फोटोत मागे एक म्हातारा पाण्यात उभा असतो. कोणी त्याच्या फोटोखाली देवबाप्पा लिहिलं, कोणी सीसीटीव्ही.

"पास्टर विचारत होते, इमॅन्युएल दिसत नाही," प्रिस्किला म्हणाली. "मी म्हटलं, पाण्यात उभे आहेत. म्हणाले, परत बाप्तिस्मा घेतायत की काय?"

इमॅन्युएल हसला, पण रात्री त्याच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. शिवाय त्याला एक गोष्ट सतावत होती. त्या रिकाम्या जागेची खूण सांगणारे पक्षी माणूस आला की उडून जात. आणि खूण हवी होती ती माणसालाच.

त्याने गोवालला फोन करणं पहिल्याच आठवड्यात सुरू केलं होतं. गोवाल त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठा. ती विहीर गोवालच्या बापाने खणली, तेव्हा गोवाल पंधरा वर्षांचा होता, टोपल्या वर ओढायला, आणि चार वर्षांचा खात्या काठावर बसून माती खायचा. गाव उठल्यावर गोवालच्या वाट्याला गुजरातेतली जमीन आली. पहिली काही वर्षं तो होळीला येऊन काठी लावून जायचा. मग येणं सुटलं, पुढे गुडघे गेले, मोतीबिंदू आला.

"दादा, मुलाला पाठव. कापड घेऊन."

"मुलाला काय कळतं? त्याने ती विहीर पाहिली तरी आहे का? मीच येतो."

"कधी?"

"शनिवारी."

तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी सकाळी गोवाल खरोखर नवापूरच्या बसमधून उतरला. एका हातात नातवाने कापून दिलेली सागाची काठी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत स्वतःच्या जुन्या निळ्या लुंगीचा तुकडा. चढ चढताना तो खोकला.

"बसमधली धूळ," तो म्हणाला. "खात्या, तू म्हातारा दिसतोस रे."

"तुला दिसतंय होय?" इमॅन्युएलने विचारलं. कितीतरी दिवसांनी तो गमतीने बोलला होता. आता हे ओझं उतरणार होतं.

बेटावर उतरल्यावर गोवाल वाळूकडे बघून गोंधळला. त्याला काळी जमीन आठवत होती. पण त्याने कोणाला हात लावू दिला नाही. नाल्याकडे पाठ केली, टेकडीच्या टोकाकडे तोंड केलं आणि मोठ्याने मोजत पावलं टाकू लागला. इमॅन्युएल मागे चालत होता. गोवाल डावीकडे सरकत गेला, आणखी सरकत गेला. जिथे थांबला, तिथून खरी विहीर चांगली चाळीस पावलं लांब होती.

"इथे," गोवाल म्हणाला आणि काठी टेकवली.

"दादा, इथे नाही. तिकडे. मी बांबू घालून पाहिलाय."

"आंब्यापासून साठ पावलं, आमच्या बापाने मोजलेली."

"आंबा कुठाय पण? बुडून पन्नास वर्षं झाली. आणि नाल्याने तोंड बदललंय. चल, दाखवतो, हात घालून बघ."

गोवालने मान वर केली. ढगाळलेल्या डोळ्यांनी तो इमॅन्युएलच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिला.

"माझी विहीर तू मला दाखवणार?"

"तसं नाही, दादा..."

"मी टोपल्या ओढल्यात. हाताची सालं गेलीत माझ्या. तू माती खात होतास." त्याचा आवाज चढला, मग खोकल्यात अडकला. खोकला संपल्यावर तो हळू म्हणाला, "तुझ्या बापानेही दलसिंगची विहीर त्याला दाखवली होती."

 गोवालने सगळं वजन टाकून काठी रोवली. टणक वाळूत ती वीतभर गेली आणि अडली. त्याने कापड बांधलं, दोनदा गाठ मारली, ओंजळीने पाणी उचलून काठीच्या बुडाशी सोडलं आणि समाधानाने हात पुसले. परत येताना होडीत त्याने नातवंडांची नावं सांगितली, एकेकाची.

दानियल सगळ्यात खूश. "झालं काका! मालकाने काठी लावली, प्रश्न मिटला. उद्या तुम्ही चर्चला जा."

"विहीर तिथे नाही."

"तुम्ही परत तिकडे उभे राहिलात, तर गोवालबाबा चुकले असं होतं. फोटो जातात काका सगळीकडे. त्यांचा नातू बघतो."

हेही खरं होतं. आणि त्याच दुपारी वर कुठेतरी अवकाळी पाऊस झाला. संध्याकाळी इमॅन्युएलने पाणी मोजायला काठावर खोचलेली काडी पाहिली. महिनाभर उतरणारं पाणी वीतभर चढलं होतं.

---

रविवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी गेला. उभा राहिला नाही. होडी जवळच उथळात लावून तीत बसला, बांबू मांडीवर. पाणी गढूळ होतं. बगळे आले होते. एक अगदी गोवालच्या काठीला खेटून, एका पायावर, निवांत उभा होता. निळं कापड त्याच्या डोक्यावर फडफडत होतं. पलीकडे ती तीन-चार हातांची जागा तशीच रिकामी.

मग गाड्यांचे हॉर्न ऐकू आले आणि सगळे बगळे उडाले. पाणी एकसारखं झालं.

दानियलने होडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला बजावलं, "ती निळ्या कापडाची काठी दिसते ना? तिथे विहीर आहे. तिकडे जायचं नाही. बाकी सगळं ओपन." माणसं शहाणी होती. सगळी काठीपासून लांब सरकली. म्हणजे सगळी इमॅन्युएलच्या बाजूला आली.

तो 'तिकडे, तिकडे' म्हणत राहिला. पण होडीत बसलेल्या माणसाचं कोण ऐकतं? त्यातून 'तिकडे' तर काठी.

चेंडू लाल होता. ललितच्या मुलीचा; ती मंडळी आज पुन्हा आली होती. तो पाण्यावरून घरंगळत गेला आणि बरोबर त्या जागी जाऊन थांबला. मुलगी त्याच्यामागे निघाली. पाणी तिच्या गुडघ्याला, मग मांडीला.

"ए! थांब!" इमॅन्युएल असा ओरडला, की टेकडीवरून आवाज परत आला. एवढ्या मोठ्या आवाजात तो आयुष्यात ओरडला नव्हता. मुलगी दचकून जागच्या जागी थांबली. ललित धावत आला, तिला उचलून त्याने मागे दिपालीकडे दिलं आणि हसला.

"काका, कसाले वरडी ऱ्हायनात? पोर घाबरी गयी. इहीर तठे शे ना! दखा, काठी दखाई ऱ्हायनी."

"इथे आहे! इथे!"

"अहो, राहू द्या तो बॉल," दिपाली म्हणाली.

"गुडघाभर तर पाणी शे," ललित म्हणाला, आणि त्याने पुढचं पाऊल टाकलं.

आवाज झाला नाही. ललित नुसता बुटका झाला. एका क्षणी त्याची छाती दिसत होती, दुसऱ्या क्षणी फक्त खांदे. त्याने हात आपटले, तशी पाण्याखालची साय फुटत गेली आणि काळा गाळ वर आला. त्याच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं. चेंडू त्याच्या कानाला लागून डुलत होता. किनाऱ्यावर काही जण टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, बुडी मारली.

इमॅन्युएल होडीतून उतरला नाही, अक्षरशः पडला. रविवारांनी पाठ झालेल्या त्या दगडावर त्याचा पाय बरोबर गेला. त्याने बांबू काठापासून काठापर्यंत आडवा टाकला, ललितच्या हनुवटीसमोर.

"धर. हलू नको. पाय हलवू नको म्हणतो ना! नुसता धर."

ललितने धरला. बांबू वाकला. दानियल आला, मग आणखी दोघे. इमॅन्युएलने त्यांना हाताच्या अंतरावर उभं केलं आणि ललितला गाळातून काढायला किती वेळ लागला, हे नंतर प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं. निघाला तेव्हा त्याच्या एका पायात बूट नव्हता आणि तोंडात शब्द नव्हता. दिपाली मुलीला छातीशी घट्ट धरून उभी होती आणि काठीकडे बघत होती. काठीकडून विहिरीकडे, परत काठीकडे.

"मग ती काठी कोणी लावली तिथे?" तिने विचारलं.



पाणी अजून चढत होतं. पुढच्या रविवारी माणसं येणार होती, दानियलने बोलावली नाहीत तरी. बुडता बुडता वाचल्याचा व्हिडिओ कोणीतरी काढलाच होता. तो पाहून तर जास्तच. आणि निळं कापड तिकडे फडफडत सगळ्यांना सांगत राहणार होतं, की इकडे या, इकडे काही नाही.

इमॅन्युएलने बांबू उचलला. दगडांच्या फटीत बूड घातलं. 

"काका," दानियल हळूच म्हणाला. "रुमाल तरी..."

"नाही."

त्याने बांबू दाबला. दगडांनी तो घट्ट धरला. सगळे निघून गेले तरी तो तिथे ओल्या कपड्यांत उभा होता. बोडक्या काठीशेजारी, दुसऱ्या काठीसारखा.

---

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तो नव्या पाड्याच्या चढावर आला. इथून बेट समोर दिसायचं. ऊन कलंडलं होतं, आणि त्या उन्हात दोन्ही काठ्या स्वच्छ दिसत होत्या. प्रिस्किला दारात उभी राहून बघत होती. तिने आज एकही टोमणा मारला नाही.

"सांगून टाका," ती म्हणाली. "दुसऱ्याकडून कळण्याआधी."

त्याने फोन लावला. तिकडून पोरांचा कालवा ऐकू आला, भांड्यांचा आवाज, आणि मग गोवाल.

"खात्या? मीच लावणार होतो तुला. काल कसं घरी आल्यासारखं वाटलं बघ." तो खूश होता. "काठी उभी आहे ना?"

इमॅन्युएलने समोर पाहिलं.

"उभी आहे, दादा."

"पाणी चढलं म्हणतात. कापड टिकलं?"

"टिकलं."

"दोन गाठी मारल्यात मी. आता कोणाची भीती नाही. तू आता..."

आणि गोवाल खोकायला लागला. बसमधली धूळ काल होती. आज तो घरात होता. पलीकडे कोणीतरी म्हणालं, बाबा, पाणी घ्या. पोरांचा कालवा एकदम थांबला. खोकला थांबेना.

इमॅन्युएल फोन कानाला लावून उभा राहिला. समोर बगळे घरट्यांकडे परतत होते. त्यातला एक खाली उतरला, बोडक्या काठीजवळ एक घिरटी घातली, आणि पुढे निघून गेला.